सव्वीस वर्षांचे दात

आमच्या मागच्या अंगणात फिजोआ पुन्हा पडायला लागले आहेत.

धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन, आणि पुन्हा शांतता. ज्यांनी हे फळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंड्याएवढं, हिरवं, वरून अगदी साधं. कापलं की वास असा येतो, जणू पेरू, अननस आणि एखाद्या जुन्या अत्तराच्या बाटलीनं एकाच खोलीत संसार थाटलाय. हे फळ तोडायचं नसतं. पिकलं की ते आपणहून पडतं, आणि पडल्यावरच गोड लागतं. इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या लोअर हट गावात, एप्रिल-मे म्हणजे फिजोआचे दिवस. ज्याच्या दारी झाड आहे तो पिशव्या भरभरून वाटत सुटतो. फाटकाशी, ऑफिसात, कोपऱ्यावरच्या डेअरीच्या (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) काउंटरवर, सगळीकडे ‘न्या, फुकट आहेत’ अशी चिठ्ठी लावलेली पिशवी. मागच्या वर्षी आमच्या झाडाची फळं एका दुपारी इतकी पडली, की भूकंप मोजणाऱ्यांची गाडी गल्लीत येऊन गेली. माझी बायको माधुरी म्हणते, ती केबलवाल्यांची गाडी होती. असेल. माझ्या प्रत्येक गोष्टीला माधुरीचं असं एक शेपूट असतंच.

पण मी आता ही फळं मोजत नाही. ऐकतो. एक पडल्यावर दुसरं पडेपर्यंत मध्ये जे काही असतं, ते ऐकायला मला मर्व्हनं शिकवलं. त्यालाही आता चार वर्षं झाली.

इथे ऋतू उलटे. चैत्र म्हणजे पानगळ. पाडव्याला आम्ही गुढी उभारतो ती पिवळ्या पानांच्या सड्यावर. कडुनिंब मिळत नाही, म्हणून माधुरी मेथीदाणे वाटून गुळात कालवते. कडू काहीतरी हवंच, असं तिचं म्हणणं. एका वर्षी वाऱ्यानं गुढीवरचा तांब्या उडाला तो रेल्वेचे रूळ ओलांडून गेला आणि अजून परत आलेला नाही. एखाद्या मेंढीच्या डोक्यावर शिरस्त्राण म्हणून शोभत असेल. नव्या वर्षाची सुरुवात पानं गळताना करायची, हे अंगवळणी पडायला मला बरीच वर्षं लागली. आता वाटतं, सुरुवात करायला हाच ऋतू बरा. झाडाचं काय उरणार आहे ते आधीच दिसतं.

मी दातांचा डॉक्टर. मूळचा कराडचा, शिकलो पुण्यात. हा धंदा मी का पत्करला, याचं खरं कारण घरच्यांनाही मी कधी सांगितलेलं नाही. समोरचा माणूस आ वासून पडलेला असतो, त्याच्या तोंडात माझी दोन हत्यारं आणि एक नळी असते, आणि तो मला थांबवू शकत नाही. असा श्रोता कीर्तनकारालाही मिळत नाही. मी या लोकांना माझ्या नानाकाकांची गोष्ट सांगत आलोय. नानाकाकांनी कृष्णेतल्या मगरीची किडलेली दाढ बैलगाडीच्या दोरानं काढली, आणि पुढे दर संक्रांतीला ती मगर घाटावर येऊन तोंड उघडून दाखवायची, की बघा, जखम भरली. इथल्या माणसांना कृष्णा माहीत नाही, नानाकाका माहीत नाहीत. पण गोष्ट संपेपर्यंत त्यांची दाढ निघालेली असते.

मर्व्ह भेटला तेव्हा माझी मुलगी सई आठ वर्षांची होती. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ‘बाबा, दॅट्स सो नॉट ट्रू,’ हे तिचं लहानपणापासूनचं पालुपद. त्यामुळे आमच्या घरात माझं खोटं दोन भाषांत पकडलं जातं.

चार वर्षांपूर्वी, पाडव्याच्याच आठवड्यात, मर्व्ह पहिल्यांदा दवाखान्यात आला. आमच्या घरापासून तीन घरं सोडून राहायचा, पण तोवर नुसती हात हलवण्यापुरती ओळख. साठी उलटलेला उंच माणूस, थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, हातात फिजोआची पिशवी आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. लोक चष्मा अडकवतात तसं.

‘किया ओरा, डॉक,’ इथल्या माओरी रिवाजानं नमस्कार करत तो म्हणाला. ‘पुढचा दात हलतोय. नुसता बसवायचा नाहीये. त्याच्यामागे एक भानगड आहे.’

(आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावतोय. त्याची हरकत नाही, मी फोनवर विचारून घेतलंय.)

ती भानगड त्यानं मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली. दोन चुळांच्या मध्ये माणूस जेवढं बोलू शकतो तेवढ्या तुकड्यांनी. एकोणिसाव्या वर्षी तो वेलिंग्टनच्या एका डान्स हॉलमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला. मग सिडनीचे जॅझ क्लब. मग प्रवासी बोटींवरचा बँड. जॅझ म्हणजे काय, हे त्यानं मला असं समजावलं: ‘तेच गाणं परत वाजवायचं, पण काल वाजवलं तसं वाजवलं तर शरम वाटायला हवी.’ बारा वर्षं तो असा वाजवत होता. एकतिसाव्या वर्षी बोटीच्या लोखंडी जिन्यावरून पडला आणि वरचा पुढचा दात तुटला. पुढच्या बंदरात कुणीतरी त्यावर कॅप बसवली. छान बसवली. फक्त एका केसाएवढी जाड.

‘एक केस,’ मर्व्ह म्हणाला आणि हवेतच चिमटीत तो केस पकडून दाखवला. ‘ट्रम्पेट ओठावर टेकतं, ओठ दातावर टेकतो. दात बदलला की सगळं घर तिरकं होतं. आवाज गेला.’

आवाज गेल्यावर तो गावी परतला आणि टेलिव्हिजनसाठी संगीत लिहायला लागला. आधी जाहिराती. लोणी, लोकरीचे मोजे, गवत कापायची यंत्रं. मग हवामानाच्या बातम्यांआधीची बारा सेकंदं. मग शेतकऱ्यांचा रविवारचा कार्यक्रम, एक पोलिसांची मालिका, पक्ष्यांवरचे माहितीपट आणि शेवटी शेवटी सिनेमे. तीस वर्षं या देशातला प्रत्येक माणूस मर्व्हचं काहीतरी ऐकत चहा पीत होता, आणि रस्त्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. आमची सई त्याच्या गवत कापायच्या यंत्राची धून गुणगुणत शाळेत जायची. ती धून कुणीतरी बसून लिहिलेली असते, हे तिच्या आणि माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. मला तर वाटायचं ती यंत्राबरोबरच येते.

‘क्लबमध्ये बारा मिनिटं वाजवल्यावर कुठे गाणं सुरू व्हायचं,’ तो म्हणाला. ‘टीव्हीवर बारा सेकंदांत सुरू करून संपवायचं. आणि लोकांना आपण काही ऐकलं असं वाटताही कामा नये.’

‘मग त्रास नाही झाला?’

‘झाला ना. पण त्यानं मला एक शिकवलं. कुठे वाजवायचं नाही ते.’

दुसऱ्या खेपेला त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला प्लास्टरचा साचा. वरचे दात, खालचे दात, पिवळट पडलेले. मी जन्मभर दातांचे साचे बघतोय, पण हा हातात घेताना मला कुणाचा तरी फोटो हातात घेतल्यासारखं वाटलं. ट्रम्पेटवाले असा साचा करून ठेवतात, त्यानं सांगितलं. पुढेमागे काही झालं तर दात परत होते तसे करता यावेत म्हणून. दात म्हणजे त्यांच्या वाद्याचा अर्धा भाग. सिडनीत एका जॅझवेड्या दंतवैद्यानं त्याचा साचा केला, तेव्हा मर्व्ह सव्वीस वर्षांचा होता. बोटीवर पडला तेव्हा हा डबा आईच्या घरी माळ्यावर होता, आणि आई गेल्यावर, नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात, तो बहिणीला सापडला.

‘मी एक सिनेमा करतोय,’ तो म्हणाला. ‘बहुतेक शेवटचा. त्यातल्या शेवटच्या प्रसंगात एक ट्रम्पेट आहे, सव्वा मिनिटाचं. रेकॉर्डिंग मेच्या अखेरीला. दिग्दर्शिका म्हणते, कुणालाही बोलवा. मला ते स्वतः वाजवायचंय. या दातांनी.’

साचा माझ्या हातात होता. बाहेर फिजोआ पडत होते. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘मर्व्ह, सव्वीस वर्षांचा असताना जसा वाजवायचास, तसा वाजवशील. माझा शब्द.’

दाताबद्दल मी बोललो असतो तर ते खरं होतं. केसाचाही फरक पडणार नाही असा दात मी करू शकत होतो, आणि पुढे केलाही. पण मी दाताबद्दल बोललो नाही. वाजवण्याबद्दल बोललो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोरचा माणूस आशेनं बघायला लागला की माझ्या तोंडून गोष्ट मोठीच निघते, लहान निघत नाही. आजवर त्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं. मगरीची दाढ काय, आणि तांब्या काय.

मग खेपा सुरू झाल्या. जुनी कॅप काढणं, माप घेणं, तात्पुरता दात बसवणं, आणि हे सगळं चालू असताना माझी कृष्णाकाठची मगर. मर्व्ह डोळे मिटून पडलेला असायचा. एकदा मला टक् असा बारीक आवाज आला. मग पुन्हा टक्. मला वाटलं माझं यंत्र बिघडलं. खाली पाहतो तर त्याचा अंगठा स्टॉपवॉचवर.

चूळ भरून झाल्यावर तो म्हणाला, ‘डॉक, तू खोटं बोलण्याआधी थांबतोस.’

‘काय?’

‘खरं बोलताना तू शब्दांवर शब्द ओततोस. खोटं यायच्या आधी थांबतोस. दीड सेकंद. मगर घाटावर आली तेव्हा दीड. तिनं तोंड उघडून दाखवलं तेव्हा दीड. आणि मघाशी इंजेक्शन देताना, ‘दुखणार नाही’च्या आधीही दीड.’ तो हसला. तात्पुरत्या दातानं जरा बोबडं हसला. ‘वाईट वाटून घेऊ नकोस. फार सुंदर थांबतोस. असं थांबणं शिकायला माझी दहा वर्षं गेली.’

घरी येऊन मी माधुरीला हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मला लग्नाआधीपासून माहितीये. तू मला बघायला आलास तेव्हा म्हणालास, मला स्वयंपाक येतो. केवढा थांबला होतास.’

‘मग होकार का दिलास?’

‘थांबलास म्हणून. सराईत असतास तर थांबला नसतास.’

मर्व्हचा स्टुडिओ म्हणजे अंगणातली पत्र्याची शेड. भिंतींना आतून जुने गालिचे ठोकलेले. एक कीबोर्ड, एक कॉम्प्युटर, एक टीव्ही आणि छताशी टांगलेलं ट्रम्पेट. त्याची काम करायची पद्धत बघायला मी शनिवारी दुपारी जाऊन बसायचो. टीव्हीवर सिनेमाचा प्रसंग लावायचा, आवाज बंद. पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे धावत असायचे. मर्व्ह काहीही न वाजवता तो प्रसंग वीस-वीस वेळा बघायचा. हातात पेन्सिल आणि गळ्यातलं घड्याळ. पहिले दोन दिवस तो फक्त संगीत कुठे नको त्याच्या खुणा करायचा. उरलेल्या जागेत काय ते लिहायचं. मी म्हटलं, माझा धंदाही हाच आहे, आधी कोरून काढायचं, मग भरायचं. त्याला हे आवडलं. त्यानं ते भिंतीवर लिहून ठेवलं. बरं, भिंतीवर नाही, पण मान डोलावली.

तो शेवटचा प्रसंग असा होता. दक्षिणेकडच्या डोंगरात एक म्हातारा मेंढपाळ. कुत्रा म्हणजे त्याचा उजवा हात. सकाळी म्हातारा दारात येऊन शिट्टी मारतो. कुत्रा येत नाही. बस्स, एवढंच. म्हातारा उभा राहतो, डोंगर दिसत राहतो. शिट्टीनंतर शांतता, आणि त्या शांततेतून ट्रम्पेट. शिट्टीला उत्तर यावं तसं, पण कुत्र्याकडून नव्हे. शांतता किती लांब ठेवायची हेच मर्व्हला ठरवता येत नव्हतं. चार सेकंद ठेवली तर म्हातारा मूर्ख वाटायचा. तीन ठेवली तर नाटकी. तो रोज पुसायचा आणि रोज लिहायचा.

पक्का दात बसवला तो दिवस मला आठवतो. बाहेर आभाळ उतरलेलं, खिडकीला पिवळी पानं चिकटलेली. मर्व्हनं दातावरून जीभ फिरवली. एकदा, दोनदा, मग बराच वेळ. मी आरसा पुढे केला तर त्यानं तो हातानं बाजूला सारला. जिभेनं तो काय वाचत होता कोण जाणे. शेवटी म्हणाला, ‘ही जागा मला माहितीये.’ एवढंच. मी हातमोजे काढायचं निमित्त करून पाठ फिरवली. माझ्या आयुष्यात मी एक दात असा केलाय की ज्याबद्दल मला थापा माराव्या लागत नाहीत, तो हा.

त्यानंतर चार आठवडे आमच्या गल्लीत रोज सकाळी ट्रम्पेट. आधी नुसते लांब सूर. मी फिजोआ वेचत ऐकायचो. कराडला वरातीत बँडवाले वाजवत ते ट्रम्पेट मला ठाऊक होतं. पोटातून फुटणारं, अख्ख्या पेठेला जेवायला बोलावणारं. मर्व्हचं तसं नव्हतं. तो सूर कुणाला बोलवत नव्हता, कुणीतरी निघून गेल्यावर दार उघडंच ठेवावं तसा होता. पण तो टिकत नव्हता. वर चढायला लागला की कडा फाटायच्या, नुसता वारा यायचा. मी स्वतःला सांगायचो, अजून आठवडे आहेत. मग, अजून दिवस आहेत.

सई एकदा दप्तर पाठीवर घेऊन अंगणात उभी राहिली. ‘बाबा, ही साउंड्स टायर्ड.’

‘दमलेला नाही गं, सराव करतोय.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो होतो, हे तिला कळलं असणार.

मेच्या तिसऱ्या शनिवारी मर्व्हनं मला शेडमध्ये बोलावलं. गुरुवारी रेकॉर्डिंग. त्यानं अंगात इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्याला शर्टात त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानं प्रसंग लावला. या वेळी आवाजासकट. म्हाताऱ्यानं शिट्टी मारली. मर्व्हनं ट्रम्पेट ओठाला लावलं.

पहिले तीन सूर असे आले, की मी आजवर मारलेल्या सगळ्या थापा एकदम खऱ्या झाल्यासारखं वाटलं. शेडचा पत्रा, गालिचे, माझे गुडघे, सगळं त्या सुरात उभं होतं. सव्वीस वर्षांचा एक मुलगा समोर वाजवत होता. मग चौथा सूर चढायचा होता. तो फाटला. मर्व्ह थांबला नाही. पाचवा अर्धा आला, सहावा हवाच. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, ओठ थरथरत होता, आणि कोपऱ्यातले आकडे धावत होते. त्यानं सव्वा मिनिट पुरं केलं. शेवटच्या सुरावर तो परत नीट आला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. कारण त्यावरून कळत होतं, मधलं सगळं कसं व्हायला हवं होतं.

त्यानं ट्रम्पेट मांडीवर ठेवलं. ओठावर गोल खूण उमटली होती.

‘कसं झालं?’

मला माहीत होतं, मी लगेच बोललं पाहिजे. काय बोलायचं तेही माहीत होतं. होकार द्या, नकार द्या, पण लगेच. मी तोंड उघडलं. बाहेर कुठेतरी एक फिजोआ पडला.

‘उत्तम,’ मी म्हणालो.

टक्.

त्यानं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘दीड,’ म्हणाला.

मी काहीतरी सांगायला लागलो. अजून चार दिवस आहेत, सकाळी ओठ ताजा असतो, हवा दमट आहे. शब्दांवर शब्द ओतले. त्यानं ऐकून घेतलं, दाढ काढताना लोक माझी मगर ऐकून घेतात तसं.

‘त्या दिवशीही दीडच होता,’ तो म्हणाला. ‘साचा हातात घेऊन तू शब्द दिलास ना, तेव्हा.’

‘तू मोजलं होतंस?’

‘मोजायला लागत नाही. तू थांबलास ते मला ऐकू आलं होतं. मला ऐकायचं नव्हतं.’ त्यानं दातावरून जीभ फिरवली. ‘तुझा दात बरोबर आहे, डॉक. दात सव्वीसचा आहे. ओठ एकसष्टचा आहे. दोघांचं जमत नाही, एवढंच.’

त्या वेळी त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्यानं शिव्या घातल्या नाहीत. त्यानं प्रसंग मागे नेला, म्हाताऱ्याच्या शिट्टीवर आणला, आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग पेन्सिल घेऊन कागदावरचा तीनाचा आकडा खोडला आणि तिथे दीड लिहिलं.

‘मी उगाच शोधत होतो,’ तो म्हणाला. ‘कुत्रा येणार नाही हे म्हाताऱ्याला आधीच माहितीये. तरी शिट्टी मारतो. स्वतःशी खोटं बोलायला माणसाला एवढाच वेळ लागतो.’

मी घरी आलो. माधुरीनं विचारलं, काय झालं. मी लगेच सांगितलं, जसंच्या तसं. तिनं शेपूट जोडलं नाही.

गुरुवारी ते ट्रम्पेट हानानं वाजवलं. ऑकलंडजवळच्या न्यू लिनची पंचवीस वर्षांची मुलगी, मर्व्हनं कुणाकडून तरी नाव काढून बोलावलेली. बुधवारी ती त्याच्या शेडमध्ये आली तेव्हा मी फिजोआची पिशवी द्यायच्या निमित्तानं गेलो होतो. खरं तर बघायला गेलो होतो. मर्व्ह तिला सूर सांगतच नव्हता. दोन तास तो तिला फक्त कुठे श्वास घ्यायचा नाही ते सांगत होता. ती म्हणाली, ‘तुम्हीच वाजवून दाखवा ना एकदा.’ मर्व्ह म्हणाला, ‘मी शनिवारी वाजवलं. परत तसंच वाजवलं तर मला शरम वाटेल.’ ती हसली, ‘स्वीट अ‍ॅज,’ म्हणजे ‘चालेल की,’ म्हणाली आणि ट्रम्पेट उचललं. त्याच्या बोलण्यातला विनोद तिला कळला. बाकीचं तिला कळायचं कारण नव्हतं.

मी फाटकाशी आलो तोवर चौथा सूर चढला होता. अख्खा, न फाटता. मी वळून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा पानं गळायला लागली तेव्हा, तो सिनेमा वेलिंग्टनला लागला. शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं आणि मर्व्ह. पाचशे माणसं होती. बरं, चाळीस असतील. मेंढपाळ दारात आला, त्यानं शिट्टी मारली. आणि मग पडद्यावर माझं थांबणं आलं. मी लग्नाआधी थांबलो होतो तेवढंच, सईसमोर, मगरीच्या तोंडापाशी, इंजेक्शनची सुई टोचण्याआधी, शेडमध्ये. चाळीस माणसं त्यात श्वास धरून बसली. खोटेपणा म्हणून मी जन्मभर जे लपवत आलो, ते तिथे उघड्यावर ठेवलेलं होतं आणि कुणी हसत नव्हतं. मग ट्रम्पेट आलं. सईनं माझा हात धरला. मर्व्ह पलीकडे ताठ बसून होता, ओठ मिटलेले, आणि त्याचा जबडा किंचित हलत होता. दातावरून जीभ फिरवत होता. नावं संपेपर्यंत तो उठला नाही. ट्रम्पेटपुढे हानाचं नाव आलं तेव्हा त्यानं मान थोडी झुकवली.

त्यानंतर त्यानं काम घेतलं नाही. त्याच वर्षी घर विकून बहिणीकडे टौरंगाला गेला. जाताना तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे ठेवून गेला. दवाखान्यात कपाटावर असतो. लोक विचारतात, आत काय आहे. मी सांगतो, एका मुलाचे दात. एवढंच सांगतो, वाढवत नाही.

दर वर्षी या दिवसांत मर्व्हचा फोन येतो. एकच विचारायला, फिजोआ पडले का. टौरंगात बहिणीकडे झाड नाही, सगळीकडे किवीफ्रूटच्या बागा. या वर्षी फोन उशिरा आला, गेल्या रविवारी. त्याची फुप्फुसं आता त्याला साथ देत नाहीत. नाकाला नळी आहे, असं बहीण आधी बोलली. तो चार शब्द बोलतो आणि थांबतो. मी थांबत आलो तसा नव्हे. त्याला श्वास हवा असतो.

‘डॉक,’ तो म्हणाला. ‘एक विचारायचं होतं.’

‘विचार.’

‘त्या दिवशी शेडमध्ये. मी वाजवलं ते.’ नळीतून हवा सुसाटली. ‘फार वाईट होतं का?’

इथे एक गोष्ट कबूल करतो, जी माधुरीलाही माहीत नाही. गेली चार वर्षं मी सराव करतोय. रोज, प्रत्येक रुग्णाला, ‘दुखणार नाही’ म्हणताना. आरशासमोर, गाडीत, फिजोआ वेचताना. एक फळ पडलं की दुसरं पडायच्या आत एक खोटं वाक्य न अडखळता म्हणायचं. कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं. त्या फोनवर ठाऊक झालं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मुळीच नाही. चांगलं होतं.’

मी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

पलीकडून टक् असा आवाज आला.

‘शून्य,’ मर्व्ह म्हणाला.

नळी सुसाटत राहिली. मला वाटलं फोन बहिणीनं घेतला असेल. मग तोच बोलला, हळू, एकेक शब्द वेगळा ठेवत.

‘सराव चांगला झालाय, डॉक.’

मला बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येत नव्हतं, आणि यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. त्यालाही घाई नव्हती. थोड्या वेळानं म्हणाला, ‘फिजोआ पडले का?’

‘पडतायत,’ मी म्हणालो. ‘थांब, ऐकवतो.’

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो. वारा पडला होता. झाडाखाली गवतात गुडघे टेकून बसलो आणि हात लांब करून फोन जमिनीजवळ धरला. फोनमधून त्याच्या श्वासाची सुरसुर येत होती. वर पानांत कुठलं फळ सुटायला आलंय ते दिसत नव्हतं. आम्ही दोघं गप्प बसून पुढचं पडायची वाट बघत राहिलो.